आईच्या वर्गातली दुसरी खुर्ची

ता. ४ मार्च

प्रिय पोपट,

अनेक आशीर्वाद. कोर्टात दुभाषी म्हणून उभ्या राहणाऱ्या बाईला पोपट म्हणू नये हे मला कळतं. पण वर दुसरं काही लिहिलं तर हे पत्र तुलाच चाललंय असं मला वाटणार नाही. आम्ही ठीक आहोत. माझं वजनकाटे तपासत फिरणं चालू आहे. गेल्या आठवड्यात एका दुकानदाराच्या काट्याखाली चुंबक सापडला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तो आधाराला आहे." तुझ्या वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला पण एक आणा, पाठीला." तिची पाठ अधूनमधून धरते.

फोन करत नाही याचा राग मानू नकोस. फोनवर आपण लगेच भांडतो. मागच्या खेपेला तू म्हणालीस, आईला विचारल्याशिवाय तिला कुठेही हलवायचं नाही. मी म्हणालो, जिला बोलता येत नाही तिला विचारायचं कसं? मग फोन बंद झाला. डायरीतही मी एवढंच लिहिलंय, 'फोन बंद झाला'. कोणी केला ते लिहिलेलं नाही, आणि आता मला खरंच आठवत नाही.

आता आईची बातमी. हिवाळ्यात झटका आला तेव्हापासून उजवा हात तसाच आहे, पण आधाराने चालते, नीट जेवते. आपण बोललेलं तिला समजतं असं आम्हाला वाटतं. बोलणं गेलं होतं ते मात्र पूर्णच गेलं होतं. 'होतं' म्हणतो, कारण मध्यंतरी एके दुपारी मावशींचा मला कामावर फोन आला. मावशी म्हणजे दिवसा आईजवळ असतात त्या. म्हणाल्या, आजी बोलल्या. मी धावत घरी आलो तर पंखा भरधाव, भर उन्हात सगळे दिवे चालू आणि रेडिओवर बाजारभाव. आई "लावो" म्हणत होती आणि मावशी दिसेल ते लावत होत्या. पंखा लावला, दिवे लावले, रेडिओ लावला, तरी आईचं आपलं "लावो" चालूच. शेवटी त्यांनी कुकर लावला.

हे मराठी नाही एवढंच मला कळलं. शोधाशोध वहिनीने केली. लावार म्हणजे धुणे आणि लावो म्हणजे मी धुते. स्पॅनिश. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं म्हणून सांगू. बाबा गेल्यावर आईने पुढच्या खोलीत स्पॅनिशचे वर्ग सुरू केले तोवर मी वसतिगृहात गेलो होतो. सुट्टीत यायचो तेव्हा वर्गालाही सुट्टी असायची. त्यामुळे तिने आपल्याच घरात इतकी वर्षं काय केलं ते मला ऐकून माहीत आहे, पाहून नाही. तू फ्रॉक घालून त्या मोठ्या माणसांत बसायचीस आणि धडाधड रूपं म्हणायचीस. त्यावरून तर पोपट झालीस.

आईवर उपचार करणाऱ्या एक बाई येतात, बोलणं परत यावं म्हणून. वहिनी त्यांना वाचाबाई म्हणते. त्यांनी समजावलं की असा झटका आलेल्या माणसाचं बोलणं गेलं तरी घोकलेलं कधीकधी शाबूत राहतं. आकडे, वार, पाढे. आईची ही रूपं त्यातलीच. पण याला बोलणं समजू नका, असं त्यांनी मला बजावलं. आणि त्यातही आई अडते. घोकलेलं असेल तर एकापुढे दुसरं घरंगळत यायला हवं. आई पहिलं रूप म्हणते आणि थांबते. आमच्या तोंडाकडे बघत राहते, मग तिचा चेहरा उतरतो. वाचाबाईंनी नोंद केली, 'एका शब्दापुढे जात नाही'.

मी व्याकरणाचं पुस्तक आणलं. ते उघडल्यापासून डोकं नुसतं गरगरतंय. हे म्हणे नियमित क्रियापद, सगळ्यांत सोपं. सोपं ते असं: एकदा धुऊन संपलं त्याचा भूतकाळ वेगळा, आणि नेहमी धुवायचो त्याचा वेगळा. पुढे धुवेन, त्यापुढे धुतलं असतं. इथवर मराठीचा हात धरून गेलो. मग एक प्रकार येतो तो इच्छेचा, भीतीचा आणि शंकेचा. एखाद्याने धुवावं असं वाटत असेल, किंवा धुतो की नाही याची खात्री नसेल, तर क्रियापदाचा सगळा तोंडवळाच बदलतो. 'मी धुतलं' आणि 'मी धुवावं' ही दोन्ही रूपं माझ्या कानाला 'लावे'च लागतात, जोर कुठे द्यायचा एवढाच फरक. म्हणजे झालेली गोष्ट आणि व्हावीशी वाटणारी गोष्ट मला ऐकून ओळखता येत नाही. आज्ञार्थात 'मी'चं रूपच नाही, स्वतःला हुकूम देता येत नाही म्हणे. हे मोठ्याने वाचलं तर वहिनी म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला मी लागते." आणि सगळे काळ ऐकून घेतल्यावर म्हणाली, "या घरात धुण्याला एकच काळ आहे. चालू."

असो. तुझ्या म्हणण्याप्रमाणे परवा आईला विचारलं. देखभाल केंद्राबद्दल फोनवर सांगितलं होतंच: पुलापलीकडे आहे, बाग आहे, प्रत्येकाला खिडकी, चोवीस तास परिचारिका. मी आईसमोर बसलो, तिचा डावा हात हातात घेतला आणि सावकाश विचारलं, "आई, तिकडे राहायला जायचं का?" ती म्हणाली, "लावो." आणि थांबली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा "लावो". आणखी एकदा विचारल्यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि अगदी हळू, समजूत घातल्यासारखी म्हणाली, "लावारे."

मी उठून पुस्तक पाहिलं. भविष्यकाळ! मी धुवेन. इतके दिवस वर्तमानकाळातून न हललेली बाई पुढचं विचारल्याबरोबर भविष्यकाळात बोलली. मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, आई हो म्हणाली. वहिनी म्हणाली, "धुवेन म्हणाल्या." मी म्हटलं, धुवेन म्हणजे होकारच की. तर म्हणे, "तुम्ही दर रविवारी स्कूटरबद्दल धुवेन म्हणता. तो होकार असतो का?"

केंद्राचं अजून बघतोय. पण तू कोर्टात दुसऱ्याच्या तोंडचं नेमकं पलीकडे पोहोचवतेस, म्हणून तुला विचारतो. हा होकार धरायचा का? आणि आईच्या वर्गात काय चालायचं तेही एकदा नीट लिही.

आई खिडकीशी बसली आहे. तुला लिहितोय असं सांगितल्यावर तिने कागदावर हात ठेवला. तेवढी जागा कोरी सोडतो.

तुझा,
दादा


ता. २३ मार्च

प्रिय पोपट,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. एवढं छोटं पत्र मी इतक्या वेळा कधी वाचलं नव्हतं.

तू लिहितेस, 'आई अडत नाहीये रे. ती वाट बघतेय.' मग सहा खुर्च्या, खिडकीपासून दारापर्यंत. प्रत्येक खुर्ची म्हणजे एक जण: मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. पहिली खुर्ची कायम आईची. ती आपलं रूप म्हणणार आणि थांबणार, दुसऱ्या खुर्चीने आपलं म्हणायचं, मग तिसरीने, असं करत दारापर्यंत. काळ बदलला की सगळ्यांनी एकेक खुर्ची सरकायचं. जहाजावर जाणारे स्वयंपाकी, परगावी नोकरीला निघालेल्या परिचारिका, सगळे असे सरकत सरकत शिकले, आणि जी खुर्ची रिकामी पडेल तिच्यात तू. पुस्तकातलं नमुन्याचं क्रियापद सोडून तिने धुणं का घेतलं तेही कळलं. जाणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून तेच लागणार होतं.

आणि शेवटची ओळ. 'वर्ग गप्प बसला की आई रागवायची नाही. काळ बदलून बघायची.'

म्हणजे मी ज्याला होकार समजलो ते काय होतं? समोरच्या ढ विद्यार्थ्याला वर्तमानकाळ येत नाही, तर भविष्यकाळ देऊन बघू. इतकंच. समजूत घातल्यासारखी म्हणाली असं मी लिहिलं होतं. घालतच होती.

आता जे मागच्या पत्रात टाळलं ते लिहितो. 'केंद्राचं बघतोय' असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मी आईला विचारलं त्याच्या आधीच्या आठवड्यात तिथली खोली पक्की केली होती. एप्रिलच्या शेवटी आईने जायचं असं ठरवून आलो होतो. न्हाणीघरात आईला उचलताना वहिनीच्या पाठीत अशी कळ आली की पुढे काही दिवस तिला चपलेचा पट्टासुद्धा लावता येत नव्हता. ती मला काही म्हणाली नाही. ती काही म्हणत नाही याचीच मला धास्ती वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगून आलो. म्हणजे मी आईला विचारत नव्हतोच. झालेल्या गोष्टीवर तिची मान डोलवून घ्यायला बसलो होतो. आणि तुला लिहीत होतो तेही होकार धरायचा का हे विचारायला नव्हे. तू 'धर' म्हणावंस म्हणून.

आमच्या कामात नव्या माणसाला पहिल्यांदा शिकवतात ते हे की काटा बाजूला उभं राहून वाचायचा नाही. डावीकडून बघितलं तर कमी दिसतं, उजवीकडून जास्त. काटा बरोबर असतो, उभं राहणं चुकतं. हे मी इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवतोय.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आम्ही खुर्च्या मांडल्या. जेवणाच्या टेबलाच्या चारच आहेत. पाचवी म्हणून स्टूल घेतलं आणि सहावी म्हणून मळक्या कपड्यांची टोपली उपडी घातली. वहिनी म्हणाली, धुण्याच्या वर्गाला शोभतंय. आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मी दुसऱ्या खुर्चीत, वहिनी तिसरीत, मावशी चौथीत. मावशींना मी पाठ करायला कागद दिला होता, तो त्यांनी पदराला पिनेने अडकवला होता. शेवटच्या दोन रिकाम्या.

आईने रांगेकडे पाहिलं. डाव्या हाताने पदर सारखा केला. मी तिला तसं करताना झटका आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"लावो," आई म्हणाली.

"लावास," मी म्हणालो. माझा आवाज शाळेतल्यासारखा निघाला.

आईने मान वळवून वहिनीकडे पाहिलं. वहिनी "लावा" म्हणाली, मावशी कागदात बघून "लावामोस", आणि मग उठून स्टुलावर जाऊन "लावाइस". टोपलीपाशी कोणी नव्हतं. आई टोपलीकडे बघत राहिली. वहिनी पाठीवर हात ठेवून उठली, टोपलीवर बसली, टोपली करकरली, आणि ती म्हणाली, "लावान."

आई हसली. आवाज न करता, खांदे हलवत, हसायची तशी. मग तिने हाताने खूण केली, सरका.

आम्ही दिवे लागेपर्यंत बसलो. मी 'नेहमी धुवायचो' आणि 'एकदा धुतलं' यांत घोळ घालत होतो. घोळ झाला की आई खुर्चीच्या हातावर बोटाने टकटक करायची. बरोबर आलं की टकटक नाही. वाचाबाईंना हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांच्यासमोर एकच खुर्ची मांडत होते." बिचाऱ्या चांगल्या आहेत.

आता तू म्हणशील, मग झालं की. पण मला आधीपेक्षा काही कळेनासं झालंय. आईला वर्ग घेता येतो हे कळलं. तिला काय हवंय हे कुठे कळलं? तिच्याजवळ धुण्याचे सगळे काळ आहेत आणि 'जायचंय' किंवा 'नाही जायचं' म्हणायला एकही शब्द नाही. होकार खोटा ठरला म्हणून तो नकार होत नाही. की होतो? केंद्रातल्या प्रमुख बाई पुढच्या आठवड्यात आईला बघायला येणार आहेत. त्यांना काय सांगू? वहिनी म्हणते, तुम्ही आधी ठरवा तुम्हाला काय हवंय, मग त्यांना काय हवंय ते ऐकू येईल. मला वाटतं नेमकं उलटं आहे. मला काहीतरी हवं असतं म्हणूनच ऐकू येत नाही.

रागाव, पण लिही.

तुझा,
दादा


ता. ११ एप्रिल

प्रिय पोपट,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. रागावली असशील, किंवा कामात असशील. मी दोन्ही धरून चाललोय.

केंद्राच्या बाई येऊन गेल्या. त्या आल्या तेव्हा आमचा वर्ग चालू होता. हल्ली रोजच असतो, मावशींनी तर कागद काढून टाकलाय. मी दार उघडायला उठलो, बाई आत आल्या आणि जवळची रिकामी खुर्ची बघून बसल्या. ती दुसरी होती.

आई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "लावो."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. "आजी काय म्हणतायत?"

वहिनी म्हणाली, "तुमची पाळी आहे."

मागून मावशींनी कुजबुजून सांगितलं, तसं बाई "लावास" म्हणाल्या, आणि रांग पुढे गेली. दारापर्यंत गेली. मी दाराशी उभा होतो तर शेवटचं मला म्हणावं लागलं.

मग मी आईच्या समोर गेलो. खाली बसलो आणि विचारलं, "आई, या बाईंकडे राहायला जायचंय का तुला? मी काही ठरवलेलं नाही." शेवटचं वाक्य पुन्हा खोटंच होतं, पण त्या घटकेला मला ते खरं वाटत होतं. आईने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. हाताने खूण केली, सरका. आणि म्हणाली, "लावाबा."

हे 'मी धुवायचे'. नेहमी धुवायचे तो भूतकाळ. मी आता असल्या गोष्टींतून अर्थ काढत नाही. पण ती थांबली आणि कोणीच काही म्हणेना. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, मग उठल्या आणि मला म्हणाल्या, "ही खुर्ची तुमची दिसतेय." मी बसलो. "लावाबास," म्हणालो. टकटक झाली नाही.

जाताना बाई जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे खुर्च्या भरपूर आहेत. सगळ्या भिंतीला लावलेल्या." आणि जरा वेळाने, "खोली महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी धरते. पण त्यापुढे नाही, मागे माणसं थांबलेली आहेत."

मी दुसऱ्याच दिवशी खोली सोडली. डायरीत तीन प्रकारे लिहून पाहिलं. 'आईच्या इच्छेनुसार खोली सोडली', हे खोटं. 'खोली सोडली', हे लबाडीचं. शेवटी लिहिलं, 'आईची इच्छा कळली नाही, खोली सोडली.' हे वाचून वहिनी म्हणाली, "बरं. आता उचलायचं तुम्ही." मावशी आता सकाळी लवकर येतात, अंघोळ त्या घालतात, उचलणं-बसवणं माझ्याकडे. कामावर उशिरा जाण्याची परवानगी घेतली आहे. हे किती दिवस निभेल ते सांगता येत नाही. माझीही पाठ धरली तर पुन्हा पुलापलीकडे जावं लागेल, आणि तेव्हा दुसऱ्याच कोणाला तरी खोली दिलेली असेल. आधी मला होकार हवा होता तेव्हा होकार ऐकू आला. मग ती इथेच राहावीशी वाटली आणि मी नकार ऐकला. उभं राहायची बाजू बदलली, बाजूला उभं राहणं सुटलं नाही, असंही असेल. मला खरंच कळत नाही.

रविवारी मी आईचे केस धुतले. मावशींची सुट्टी होती आणि वहिनीला वाकायचं नव्हतं. आईला न्हाणीघरातल्या खुर्चीत बसवलं, मान मागे टेकवली, खाली बादली ठेवली. तिचे केस ओले झाल्यावर किती थोडे आहेत ते कळलं. मला काही बोलायला सुचेना, आणि गप्प राहणंही बरं वाटेना. म्हणून पाणी ओतता ओतता मी म्हणालो, "लावो."

मी धुतोय. इतकंच, जे करत होतो ते.

आईने डोळे मिटलेले होते. तिने ते उघडले नाहीत. म्हणाली, "लावास."

तू धुतोस.

तिने दुसऱ्या खुर्चीचं रूप म्हटलं. आजवर एकदाही म्हटलेलं नाही. मी तांब्या तसाच धरून उभा राहिलो, पाणी माझ्या पायावर सांडलं. आता मला सांग, हे काय होतं? मी सुरुवात केली म्हणून पुढचं रूप आपोआप निघालं, तर वाचाबाई म्हणतात तेच खरं, यात बोलणं शोधू नये. की आई मला म्हणाली? मला, माझ्याबद्दल, माझ्याच हातांकडे बघून नव्हे तर डोळे मिटून? वहिनीला विचारलं तर ती केस पुसत म्हणाली, "तुम्ही धूत होतात ना? मग बरोबरच बोलल्या की." मला हे पुरत नाही. तिला पुरतं.

आमच्या खात्यात एक नियम आहे. ज्या काट्याबद्दल शंका आहे तो एकट्याने वाचायचा नाही. दुसरा निरीक्षक बोलवायचा, त्याला पहिल्याने काय वाचलं ते सांगायचं नाही, आणि त्याने आपलं वाचायचं. मी तुला सगळं सांगून बसलोय, म्हणजे नियम मोडलाच. तरी तू दुसऱ्या बाजूने उभी राहशील. तू तेव्हाच्या वर्गात बसलेली आहेस, मी नाही. आई खरं काय म्हणते ते वाचता येण्याजोगं दुसरं माणूस मला माहीत नाही.

मी पहिल्या पत्रापासून तुला उत्तर मागतोय, पण मला उत्तर नको होतं. तू यायला हवी होतीस. हे फोनवर मला म्हणता आलं नसतं, आपण त्याच्या आधीच भांडलो असतो.

आईची खुर्ची खिडकीशी आहे. मी तिसरीत सरकलोय, वहिनी आणि मावशी माझ्या पुढे. दुसरीत आता कोणाला बसू देत नाही. आई "लावो" म्हणते, त्या खुर्चीकडे बघते, आणि वाट बघते. काळ बदलत नाही.

तुझा,
दादा